होले बाबूंची निळी ओळ

होले बाबू फीचा आकडा चाखून बघायचे. 'चाखून' हा शब्द त्यांचाच. आमचं अमरावतीचं फार्मसीचं कॉलेज विनाअनुदानित. अशा कॉलेजने मुलांकडून किती फी घ्यायची हे सरकारने नेमलेलं प्राधिकरण ठरवतं, आणि त्यासाठी कॉलेजला दरवर्षी आपला सगळा खर्च, पगारापासून परीक्षानळ्यांपर्यंत, मांडून दाखवावा लागतो. हे मांडायचं काम ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून होले बाबूंकडे होतं. प्रस्ताव तयार झाला की अध्यक्षांच्या सहीला पाठवण्याआधी ते ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या एखाद्या पालकाला आत बोलवायचे. बाकड्यावर कोणी ना कोणी असायचंच. कोणी दर्यापूरकडचा, कोणी भातकुलीचा, मुलीचं बोनाफाईड न्यायला आलेला. त्याला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "दादा, पुढच्या साली इतकी फी झाली तं कसं?" एवढं विचारून गप्प बसायचे.

त्या माणसाच्या उत्तराला ते काडीची किंमत देत नसत. "आता काय साहेब, लेकरू शिकवा तं लागनच," असंच सगळे म्हणायचे. बाबू त्याचे हात बघायचे. आकडा ऐकून हात पिशवीकडे गेले, पिशवी मांडीवर ओढून घेतली गेली, की बाबू त्याला चहा पाजून वाटेला लावायचे आणि प्रस्तावाची फाईल पुन्हा उघडायचे. मग 'संकीर्ण' नावाच्या रकान्यात अध्यक्षांच्या माणसांनी जे काही कोंबलेलं असे, त्यातलं थोडं बाहेर निघे.

"भाजीतलं मीठ रांधनाऱ्यानं एकट्यानं पाहू नये म्याडम," ते मला एकदा म्हणाले. "त्याची जीभ वासानंच मरून जाते."

मी तेव्हा तिथे अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर शिकवत होते. मूळची अकोल्याची, बडनेरा रस्त्याला खोली घेऊन राहायचे. माझं इंग्रजी बरं आहे अशी अफवा पहिल्याच वर्षी पसरली, आणि कॉलेजची सगळी इंग्रजी पत्रं माझ्या गळ्यात पडली. त्यामुळे ऑफिसात माझं रोजचं जाणं-येणं. बाबूंना इंग्रजीची भीती वाटायची. पत्रावर बोट ठेवून ते एकेक शब्द वाचायचे, आणि अडलं की बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघायचे.

दिसायला माणूस खडूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशाला निळ्या शाईचं पेन, कपाळावर कायमची आठी. कारकून म्हणून चिकटले होते, सुपरिंटेंडेंट झाल्यावरही सगळ्यांसाठी बाबूच राहिले. मुलांवर खेकसायचे, प्राध्यापकांवर जरा कमी खेकसायचे. पण एक कागद मागायला आलेल्याला त्यांनी कधी एकच कागद दिला नाही. दाखल्यासोबत त्याची झेरॉक्स, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, आणि "तिकडच्या खिडकीवरचा साहेब दोननंतर भेटत नाई, आत्ताच पय," असा सल्ला. त्यांच्या घरचा भाजीपाल्याचा मळा होता भातकुलीकडे, आणि आई इतवाऱ्याच्या बाजारात बसून भाजी विकायची. लहानपणी तेही तिच्याशेजारी बसत. पावशेर वांग्यांवर चार काड्या सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, फुकट टाकल्याशिवाय गिऱ्हाइकाला जाऊ द्यायचं नाही, हे त्या वयात अंगात भिनलेलं. ऑफिसातही ते सांबारच टाकत होते.

आणखी एक गोष्ट होती. तोंडी सांगितलेलं ते काहीच मानत नसत. अध्यक्षांचा फोन आला तरी म्हणायचे, "साहेब, चिठ्ठी पाठवा." एका वर्षी अध्यक्षांची नवी गाडी 'विद्यार्थी वाहतूक' म्हणून खर्चात दाखवायचं ठरलं. बाबू भर मीटिंगमध्ये म्हणाले, "दाखवतो. पन साहेब, विद्यार्थी कवा बसले होते त्याच्यात, तेवढं लिहून द्या." अध्यक्ष हसले. गाडी खर्चात गेलीच, पण बाबूंनी त्या पानावर 'अध्यक्षांच्या सूचनेनुसार' असं लिहून, खाली पूर्ण नाव आणि तारखेसकट सही ठोकली. मला ते फार आवडलं होतं. या माणसाचा कणा सागाचा आहे, असं मी अकोल्याला आईला फोनवर सांगितलं होतं. माणसांबद्दल इतक्या लवकर काही बोलू नये, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पुढच्याच वर्षी आमच्याकडे पहिल्यांदा परदेशी विद्यार्थी आले. पुण्याच्या एका एजंटाने सहा जण आणून दिले. अध्यक्षांनी गेटवर सहा देशांचे झेंडे लावले. देश खरं तर दोनच होते. त्या सहांत टांझानियाची नीमा होती. उंच, बारीक, आणि पहिल्या दिवसापासून कोणालाही न घाबरणारी. तिचे वडील तिकडे शहरबस चालवायचे. त्यांना गावच्या पतपेढीतून कर्ज काढायचं होतं, आणि पतपेढीला चार वर्षांचा खर्च लेखी हवा होता.

पत्र मी टाइप केलं. पहिल्या वर्षाची फी लिहिली आणि बाबूंपुढे सहीला ठेवलं. त्यांनी बोट फिरवत वाचलं.

"याच्यात पुढच्या सालाचं कुठी हाय?"

"ते अजून ठरलेलं नाही बाबू. राहू द्या."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या टाइप केलेल्या मजकुराखाली, शाळकरी पोरासारख्या गोल गोल इंग्रजी अक्षरांत, निळ्या शाईने एक ओळ लिहिली. चारही वर्षं फी हीच राहील. खाली सही, तारीख, गोल शिक्का.

मी म्हटलं, "अध्यक्षांना विचारलंत का?"

"त्याच्यात काय इचारा लागते? पोरगी एवढ्या दुरून आली. मंधातच भाव बदलवते का कोनी? टोपलं उघडलं तवा जो भाव बोलला, तोच टोपलं रिकामं होइस्तोवर. आमची माय तशीच इके."

ती ओळ लिहायचा त्यांना अधिकार नव्हता. पण त्यांच्या लेखी ते सांबार होतं, आणि सांबार टाकायला कोणी मालकाला विचारत नाही. ऑफिसातली प्रत आधीच फाईलला लागली होती. तिच्यावर ती ओळ नव्हती. हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

नीमा सहा महिन्यांत वऱ्हाडी बोलायला लागली. होस्टेलच्या पोरींबरोबर इतवाऱ्यात जायची आणि भाव करायची. ऑफिसच्या खिडकीत येऊन विचारायची, "बाबू, सर्व्हर आज बी बंद हाय का?" सगळं ऑफिस हसायचं. बाबू आठी तशीच ठेवून म्हणायचे, "काय वं, परीक्षा हाय तुयी, अन् फिरून राह्यली इकडं?" एकदा त्यांनी तिच्यासाठी मळ्यातली वांगी आणली. ती म्हणाली, वांगं आमच्याकडेही होतं. बाबू ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. "त्याईच्या इकडंई वांगं हाय म्याडम! एवढ्या दूर!" त्यांच्या चेहऱ्यावर तेवढं सुख मी परत कधी पाहिलं नाही.

ती दुसऱ्या वर्षाला असताना प्राधिकरणाचा निर्णय आला. आमच्या प्रस्तावातली गाडी उडाली, आणखी बरंच काही उडालं, आणि मागितलेल्यापेक्षा बरीच कमी फी मंजूर झाली. अध्यक्षांनी मीटिंग बोलावली. टिपणी लिहायला मी होते.

"विकासनिधी म्हणून वरचे घेऊ प्रत्येकाकडून," अध्यक्ष म्हणाले. "पावती द्यायची नाही."

बाबू उभे राहिले. "तसं जमत नाई साहेब. एखाद्या बापानं वरती तक्रार केली तं मान्यता जाईन. अन् लोकाईजवळ नाईच हाय हो. म्या रोज पाह्यतो बाकड्यावर."

"मग खड्डा कशानं भरू? तुमच्या पगारातून?"

तेव्हा बाबू बोलले. पुढे जे झालं ते सगळं या वाक्यांतून झालं, म्हणून ती मी जशीच्या तशी लिहिते. ते म्हणाले, "परदेशी पोट्ट्याईची वाढवा ना साहेब. एवढ्या दुरून शिकाले येतेत म्हंजे पैसेवालेच असतीन. अन् डॉलरात लावा. म्हंजे दरसाली वाढवा लागनार नाई, डॉलरासंगं आपोआप वाढन."

परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर मर्यादा होती, पण ती इतकी उंच की तिथवर पोचायला आमच्या अध्यक्षांनाही दोन-तीन उड्या लागल्या असत्या. पहिली उडी त्यांनी त्याच मीटिंगमध्ये मारली. आकडा ठरला. हा आकडा चाखायला कोणाला बोलवायचं? बाकड्यावर त्या मुलांचं कोणीच बसलेलं नव्हतं. त्यांचे आईबाप समुद्रापलीकडे. बाबूंना ते त्या दिवशी सुचलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. आम्हाला दोघांना आनंदच झाला होता. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "आपले पोट्टे वाचले म्याडम," आणि मला त्यांनी कोपऱ्यावर गिला वडा खाऊ घातला.

बाबूंच्या डोक्यात ही वाढ नव्याने येणाऱ्यांसाठी होती. नीमाचं टोपलं तर आधीच उघडलेलं. हे त्यांना इतकं उघड वाटलं की टिपणीत 'नवीन प्रवेशांसाठी' हे दोन शब्द घालावेत असं त्यांच्या मनातही आलं नाही. आयुष्यभर प्रत्येकाकडून चिठ्ठी मागणारा माणूस इथे लिहायचं विसरला. लिहिणारी मी होते, तेव्हा विसरले मीसुद्धा.

जुलैत नोटीस लागली. सर्व परदेशी विद्यार्थी, सर्व वर्षं, फी डॉलरमध्ये. नीमा खिडकीत आली. बाबू म्हणाले, "तुयं नाई वं त्याच्यात. तुले लिहून देल्लं हाय ना म्या." आणि ते सदरा नीट करून अध्यक्षांकडे गेले. परत आले तेव्हा पाण्याचा ग्लास हातात धरून बसून राहिले. अध्यक्षांनी एवढंच विचारलं होतं, टिपणीत नवीन असं कुठे लिहिलं आहे ते दाखवा.

बाकी पाच जणांच्या घरच्यांनी कसंबसं जमवलं. नीमाच्या वडिलांना ते शक्यच नव्हतं. डॉलर त्यांच्याकडेही आपल्यासारखाच महाग होत होता, आणि पतपेढीने कर्ज दिलं होतं ते त्या पत्रातला आकडा पाहून. तिची दोन वर्षं झाली होती, दोन राहिली होती. बाबूंनीच तिला मार्ग सांगितला. संस्थेची एक तक्रार समिती होती. तिच्यावर बाहेरचे एक निवृत्त न्यायाधीश होते, सरळ माणूस म्हणून ओळखले जाणारे. बाबू तिला म्हणाले, "ते पत्र लावून अर्ज दे. घाबरू नोको. लिहिलेलं कोनी खोडू शकत नाई."

तिने अर्ज दिला. न्यायाधीशांनी ऑफिसकडे खुलासा मागितला: ही हस्तलिखित ओळ कोणाची?

अध्यक्षांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही, चहा मागवला. मसुदा तयार होता. मी फक्त इंग्रजी करायचं होतं. 'सदर पत्रावरील हस्तलिखित ओळ या कार्यालयाने लिहिलेली नसून कार्यालयीन प्रतीवर ती आढळत नाही.' म्हणजे ती ओळ मुलीने स्वतः लिहिली, असं म्हणायचं होतं. तसं कुठेही म्हटलं नव्हतं.

बाबू म्हणाले, "साहेब, अक्षर मायं हाय."

"मंगेशची पर्मनंटची फाईल माझ्याच टेबलावर आहे होले," अध्यक्ष म्हणाले. मंगेश हा बाबूंचा मुलगा. संस्थेच्याच दुसऱ्या कॉलेजात सहा वर्षं प्रयोगशाळेत तात्पुरता होता. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "म्याडम, तुमचाही करार याच महिन्यात संपतो ना?"

मी टाइप केलं. एकही चूक न करता टाइप केलं. बाबूंनी बोट ठेवून वाचलं, आणि या वेळी ते कुठेही अडले नाहीत. त्याच पेनाने, त्याच गोल अक्षरांत, पूर्ण नाव आणि तारखेसकट सही केली. ते पत्र आणि हा खुलासा कोणी शेजारी शेजारी ठेवले असते तर पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं. पण न्यायाधीशांची तब्येत ठीक नव्हती, कागद त्यांच्याकडे झेरॉक्स होऊन गेले, आणि सुपरिंटेंडेंट सहीनिशी लिहून देतो ते खरं धरणं हेच त्यांचं काम होतं. निकाल संस्थेच्या बाजूने आला. संस्थेने मोठ्या मनाने मुलीविरुद्ध काही कारवाई केली नाही, असंही त्यात होतं. ते मी वाचलं, आणि दुपारचा तास घेतला.

नीमा दाखला न्यायला आली तेव्हा मी झेरॉक्स मशीनपाशी उभी होते. तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाबू, हे तुमचंच अक्षर हाय ना?"

बाबूंनी रजिस्टर तिच्याकडे सरकवलं. "इथं सही करा," म्हणाले. दोन वर्षांत तिला त्यांनी कधी 'करा' म्हटलं नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. "मले एकदा सांगा. म्या कोनाले नाई सांगत."

"सही करा," बाबू रजिस्टरकडे बघत म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तिला एकच कागद दिला.

महिन्याभरात मंगेशची ऑर्डर निघाली. बाबूंनी ऑफिसात पेढे वाटले. पद्धतच आहे, न वाटून कसं चालेल. ते स्वतः डबा घेऊन टेबलाटेबलाशी फिरले आणि कोणाच्याही तोंडाकडे न बघता पेढा ठेवत गेले. माझा करार वाढला होता. मी पेढा खाल्ला.

त्यानंतर बाकड्यावरून कोणी आत आलं नाही. प्रस्ताव अध्यक्षांचा भाचा तयार करायचा, बाबू सही करायचे. 'संकीर्ण' फुगत गेला. पुढे पावतीविना विकासनिधीही सुरू झाला, इथल्याच पोरांकडून, आणि बाबू एका शब्दाने बोलले नाहीत. ज्यांना वाचवलं म्हणून आम्ही गिला वडा खाल्ला होता, तीच ही पोरं. मला बाबूंचा राग यायचा. तो मी त्यांच्यावरच काढायचे, कारण माझ्या वाट्याचा राग मला सोसवत नव्हता. ऑफिसात जाणं मी कमी केलं. त्यांनी कधी विचारलं नाही, म्याडम येत काहून नाही म्हणून. ते निवृत्त झाले त्या दिवशी नारळ, शाल, ग्रूप फोटो झाला.

मी पुढे अकोल्यातल्या कॉलेजात आले. मागच्या दिवाळीनंतर अकोल्याच्या एसटी स्टँडवर ते दिसले. अकोटला मुलगी दिली आहे, तिकडे निघाले होते. सदरा तोच, खांदे उतरलेले. मी चहा घ्यायला लावला. मळ्याचं विचारलं. मंगेशचं विचारलं. बरा हाय म्हणाले. मग त्यांनीच कपाकडे बघत विचारलं, "ते पोरगी? काई समजते का तिचं?"

समजत होतं. ती मला दर दिवाळीला मोबाईलवर आवाजात निरोप पाठवते. तिकडे एका औषधाच्या दुकानात कामाला आहे. औषधं ओळखते, लोकांना समजावून सांगते, पण पदवी नाही म्हणून दुकानाच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं. मी हे सगळं सांगितलं. आणि दुष्टपणाच म्हणायचा तो, पण मी फोन काढून त्या वर्षीचा निरोप त्यांच्या कानाला लावला. त्यात सगळ्यात शेवटी ती म्हणत होती, "म्याडम, बाबू भेटले तं त्याईले इचारा ना, तसं काहून लिहिलं म्हनून. म्या भांडत नाई. मले फक्त समजलं पायजे."

बाबूंनी परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं.

"अजून चांगली बोलते," म्हणाले.

अकोटची गाडी लागली होती. ते उठले, पिशवी घेतली, चार पावलं गेले आणि परत आले. गर्दीत, कोण ऐकतं आहे याची पर्वा न करता, मोठ्याने म्हणाले, "तिले लिहा म्याडम. बाबू भेला म्हना. पोराच्या नौकरीसाठी भेला. बाकी काई नोका लिहू, चांगलं तं बिलकुलच नोका लिहू." आणि गाडीत चढले. खिडकीतून त्यांनी इकडे पाहिलं नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. तो निरोप मी अजून पाठवलेला नाही. किती वेळा फोन हातात घेतला आहे. पण 'बाबू भेला', म्हणजे घाबरला, एवढंच पाठवलं तर ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं लिहायची माझी अजून हिंमत झालेली नाही.